ऐकणाऱ्यांच्या हवाली केलेलं संगीत

२०१४ च्या एप्रिलमध्ये एक तबकडी विकायला निघाली. किंमत साडेतेरा हजार डॉलर. १९९४ साली इंग्लंडमधल्या रेफ्लेक्स नावाच्या एका छोट्या कंपनीने ती काढायचं ठरवलं होतं. चाचणीच्या मोजक्या प्रती निघाल्याही, आणि मग बेत बारगळला. कलाकाराचं नाव कॉस्टिक विंडो. रिचर्ड डी. जेम्सच्या अनेक टोपणनावांपैकी हे एक. जग त्याला एफेक्स ट्विन म्हणून ओळखतं.

वीस वर्षं चाहते या तबकडीबद्दल फक्त ऐकून होते. एवढे पैसे टाकून ती घेणारा आणि कपाटात बंद करून ठेवणारा एखादा धनिक भेटायला वेळ लागला नसता. त्याआधीच चाहत्यांनी वर्गणी काढली. कंपनीशी रीतसर बोलणी केली, परवानगी मिळवली. ठरलं ते असं: सगळ्यांनी मिळून तबकडी घ्यायची, तिची डिजिटल प्रत करायची, पैसे भरलेल्या प्रत्येकाला ती द्यायची आणि मग मूळ तबकडीचा लिलाव करायचा. ४,१२४ जणांनी मिळून ६७,४२४ डॉलर जमवले. लिलावात ती माइनक्राफ्ट हा खेळ बनवणाऱ्या मार्कुस पेर्सोनने ४६,३०० डॉलरला घेतली. आलेल्या पैशांतला एक वाटा कलाकाराला, एक वर्गणीदारांना आणि एक समाजकार्याला गेला.

मला या हकिगतीत राहून राहून एकाच गोष्टीचं अप्रूप वाटतं. त्या चार हजार माणसांनी पैसे मोजले ते न ऐकलेल्या संगीतासाठी. कलाकाराने स्वतःच बाजूला ठेवलेल्या संगीतासाठी. ते चांगलं निघेल याची हमी कोणी दिली नव्हती. इतका जीव एखाद्या कलाकारावर का जडावा? माझ्यापुरतं उत्तर असं आहे की जेम्सने पहिल्यापासून ऐकणाऱ्यांसाठी काम शिल्लक ठेवलं. शोधायचं काम, लावून बघायचं काम, वाट बघायचं काम. आणि ज्यासाठी आपण खपतो, ते आपलं होऊन जातं.

जेम्सचा जन्म १९७१ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. वाढला मात्र कॉर्नवॉलमध्ये, लॅनर नावाच्या गावात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा हा मुलूख, जुन्या कथलाच्या खाणींचा. लंडनच्या क्लबांपासून लांब. १९९२ साली त्याचा पहिला मोठा संग्रह आला, 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२'. घरी कॅसेटवर साठवलेल्या रचनांतून निवडलेला. टेपची खरखर त्यात स्पष्ट ऐकू येते, आणि ज्यांना तो संग्रह आवडतो त्यांना ती खरखरही हवीच असते. 'एक्स्टल' सुरू होतं तेव्हा त्या खरखरीतून एक बाईचा आवाज तरंगत येतो, शब्द नसलेला, आणि खाली ठेका चालू राहतो. नाचायचं संगीत आणि पडून ऐकायचं संगीत यांच्यातली भिंत तिथेच पडली, असं मी म्हणेन.

मी त्याच्यापर्यंत उशिरा पोचलो. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कोणाकोणाच्या हार्ड डिस्क फिरत असत, त्यातल्या एकीत एक फोल्डर होतं आणि त्यात नुसते 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' असे आकडे. नावं गाळली गेली असतील असं मी धरून चाललो. पुढे कळलं की नावं मुळातच नव्हती.

तो होता १९९४ चा 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू'. वीसहून अधिक रचना, आणि 'ब्लू कॅल्क्स' ही एक सोडली तर एकीलाही शीर्षक नाही. वेष्टनावर शब्दांऐवजी तपकिरी रंगातली छायाचित्रं होती: कशाचा तरी पृष्ठभाग, अगदी जवळून टिपलेला. सोबत वर्तुळाकार आलेख, त्यातली प्रत्येक पाचर एका रचनेच्या लांबीच्या प्रमाणात. कोणतं चित्र कोणत्या रचनेचं हे आलेखावरून ताडायचं. चाहत्यांनी ते ताडलं, चित्रात जे दिसलं त्यावरून नावं दिली, आणि ती टिकली. 'रूबार्ब', 'क्लिफ्स', 'लायकेन', 'रेडिएटर', 'वेदर्ड स्टोन'. आज तीस वर्षांनी जगातला कोणीही ऐकणारा दुसऱ्याशी बोलताना हीच नावं वापरतो.

यातल्या 'रूबार्ब'पाशी मला जरा थांबायचं आहे. क्रमांकाने तिसरी, पावणेआठ मिनिटांची रचना. ताल नाही, ठोका नाही. तंतुवाद्यांसारखा एक मऊ सूर, त्यात संथ गतीने उलगडणारी एक ओळ, आणि तीच ओळ पुन्हा. पुन्हा. दर वेळी वरच्या बाजूला काहीतरी किंचित निराळं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, काही घडतच नाहीये. तिसऱ्या-चौथ्या फेरीला आपण त्या ओळीच्या शेवटाची वाट बघायला लागतो. ती जिथे विसावते ती जागा आपल्या ओळखीची झालेली असते.

माझी आत्या डोंबिवलीत गाण्याचे क्लास घेते. तिला मी हे ऐकवलं, काही न सांगता. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, "अरे, ह्याला कुठे जायची घाईच नाहीये. आलापी करतोय की तो." मशीनवर केलंय म्हटल्यावर तिने खांदे उडवले. "मशीन असेल. बसलाय कोण त्याच्यापुढे ते बघ ना." मी या विषयावर पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं नेमकं फार थोड्यांनी सांगितलं.

याच संग्रहातली 'स्टोन इन फोकस' सीडीवर नव्हतीच. तबकडी आणि कॅसेट ज्यांच्याकडे होती त्यांनाच ती माहीत. पुढे कोणा चाहत्याने तिला जपानमधल्या गरम पाण्याच्या कुंडात डोळे मिटून बसलेल्या माकडाच्या चित्रफितीची जोड दिली, आणि कितीतरी लोकांना एफेक्स ट्विन प्रथम भेटला तो त्या माकडाच्या सोबतीने. परीक्षेच्या आदल्या रात्री, आजाऱ्याच्या उशाशी, झोप न येणाऱ्या रात्री ती लावली असं सांगणारे किती आहेत! दहाएक मिनिटांची ती रचना, तिच्यात मध्ये मध्ये एक टकटक येते. कंपनीने जे सीडीतून वगळलं ते लोकांनी असं घरोघरी पोचवलं.

मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये या संग्रहाची वाढीव आवृत्ती आली. अधिकृत यादीत अजूनही आकडेच आहेत. 'स्टोन इन फोकस' तिथे 'क्रमांक १९' आहे. पण शेवटी दोन जादा रचना जोडल्या आहेत, आणि त्यातली एक म्हणजे त्याच तिसऱ्या रचनेचं वाद्यवृंदाने वाजवलेलं, उलटं फिरवलेलं रूप. तिच्या शीर्षकाचा पहिला शब्द आहे 'रूबार्ब'. चाहत्यांनी चित्र बघून ठेवलेलं नाव कलाकाराने स्वतः उचललं. कुठे गाजावाजा नाही, निवेदन नाही. यादीत तो शब्द वाचला तेव्हा मला खरोखर भरून आलं.

आता बदलाविषयी. जेम्सची ओळख एकदा शांत, विस्तीर्ण संगीताशी जोडली गेल्यावर त्याने तेच करत राहणं सोपं होतं. १९९६ च्या 'रिचर्ड डी. जेम्स अल्बम'मध्ये त्याने ड्रमचे तुकडे तुकडे करून ते अशा वेगाने जोडले की एकेक ठोका वेगळा ऐकू येण्याआधीच पुढचे पाच येऊन जातात. आणि या गदारोळावर सुरावट मात्र लहान मुलांच्या गाण्यासारखी साधी. 'गर्ल/बॉय साँग'मध्ये छेडलेल्या तारा आपल्या ठाय लयीत चालल्या आहेत आणि खाली ड्रम चौपटीच्याही पुढे पळताहेत. दोन लयी, एकमेकींना न अडवता. तबल्याची साथ ऐकून वाढलेल्या कानाला हे परकं वाटत नाही; मला तरी वाटलं नाही.

याच सुमारास, १९९५ मध्ये, 'द वायर' या मासिकाने एक गंमतीचा योग जुळवून आणला. जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीताचे भीष्माचार्यच, त्यांना नव्या पोरांच्या टेपा ऐकवल्या आणि सल्ला मागितला. जेम्सचं ऐकून त्यांचं मत पडलं की हा सारखी पुनरावृत्ती करतो. याने माझी 'गेझांग डेर युंगलिंगे' ही रचना ऐकावी, म्हणजे ही सवय सुटेल. जेम्सने उत्तर दिलं, त्यांनी माझी 'डिजरिडू' ऐकावी, म्हणजे ज्यावर नाचता येत नाही असे अमूर्त आकृतिबंध करणं ते सोडतील. लोक हा किस्सा उद्धटपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. पुनरावृत्ती म्हणजे कल्पनेचं दारिद्र्य हा युरोपातल्या एका काळाचा, एका वर्तुळाचा ग्रह होता. आवर्तन फिरून समेवर येतं म्हणून कोणी तबलजीला कल्पनाशून्य म्हणत नाही. श्टॉकहाउझेन मोठेच, पण या एका मुद्द्यावर पोरगा बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे.

१९९९ च्या 'विंडोलिकर'बद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर बोलणारे उदंड आहेत. क्रिस कनिंगहॅमने केलेला त्याचा व्हिडिओ जगभर गाजला. पण चाहत्यांची आवडती गोष्ट सोबतच्या दुसऱ्या रचनेत दडली होती. एक लांबलचक गणिती सूत्र हेच तिचं नाव. तिच्या शेवटाकडचा कर्कश आवाज संगणकावर वर्णपट म्हणून उघडला, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंप्रता किती जोरात हे चित्ररूपात पाहिलं, की त्यात जेम्सचा चेहरा दिसतो, तो कुप्रसिद्ध हसू हसणारा. हे कोणी सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्यांपैकीच कोणीतरी आलेख उघडून बघितला.

२००१ चा 'ड्रक्स' हा माझ्या लेखी त्याच्या प्रवासातला कळीचा संग्रह आहे. दोन सीडी, तीस रचना. बऱ्याच रचनांना कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेतली नावं, उच्चारतानाही अडखळायला लावणारी. समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी नाकं मुरडली: नवं काय आहे यात? एकीकडे डोकं फिरवणारे ड्रम, दुसरीकडे मध्येच एकटा पियानो, दोन्हींचा मेळ बसत नाही. तो मेळ बसायला ऐकणाऱ्यांना वेळ लागला. आज त्याच संग्रहातली 'एव्हरिल फोर्टीन्थ' ही त्याच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक आहे. जेमतेम दोन मिनिटांची. ती वाजवली आहे डिस्क्लाव्हियरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने ज्याच्या पट्ट्या आपोआप दाबल्या जातात अशा खऱ्या पियानोवर. चांगल्या हेडफोनवर ऐका. सुरांच्या मागे यंत्राची हालचाल ऐकू येते, पट्टी खाली जाताना आणि वर येताना होणारी बारीक खटखट. स्टुडिओतल्या शहाण्या माणसाने ती काढून टाकली असती. ती ठेवल्यामुळे वाजवणारा कोणी नसलेल्या पियानोत कोणीतरी असल्याचा भास होतो. लोक ही रचना लग्नात वाजवतात, अंत्यविधीला वाजवतात, पियानो शिकणारी कितीतरी मुलं ती शिकतात.

त्यानंतर तेरा वर्षं एफेक्स ट्विन या नावाने नवा संग्रह आला नाही. चाहत्यांची खरी कसोटी तीच. २००५ मध्ये त्याने 'अ‍ॅनालॉर्ड' मालिकेच्या अकरा तबकड्या काढल्या, जुन्या सिंथेसायझरांवर केलेल्या, बहुतेक एएफएक्स या नावाने. २००७ मध्ये रेफ्लेक्सनेच 'द टस' नावाच्या कोणा अनोळखी कलाकारांची तबकडी काढली. नावं ब्रायन आणि कॅरन ट्रेगास्किन, आडनाव अस्सल कॉर्निश. चाहत्यांनी ऐकलं आणि ओळखलं. ड्रम कसे वळतात, बेसची ओळ कुठे गुंडाळी घेते, हे ज्याच्या कानात मुरलंय त्याला टोपणनावाने चकवता येत नाही. इन्कार झाले. वाद रंगले. पुढे जेम्सने ते आपलंच असल्याचं मान्य केलं. पडद्याआडून आलेल्या आवाजावरून घराणं ओळखणाऱ्या जुन्या रसिकांचीच ही जात.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या आकाशात एक हिरवा फुगा तरंगताना दिसला, त्याच्यावर एफेक्स ट्विनचं चिन्ह. सप्टेंबरात 'सायरो' आला. मुखपृष्ठावर चित्र नाही. हा संग्रह काढायला आणि विकायला कशावर किती खर्च झाला याची यादीच छापली आहे. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. मला मात्र त्यातलं शेवटचं गाणं, 'आयसत्साना', ग्रॅमीपेक्षा मोठं वाटतं. २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात जेम्सने एक डिस्क्लाव्हियर छताला टांगला, आपोआप वाजता ठेवला आणि लंबकासारखा झुलवला. पियानो श्रोत्यांकडे येताना सूर किंचित चढतो, लांब जाताना उतरतो, आगगाडीच्या शिट्टीचं होतं तसंच. तिथे लोकांनी 'आयसत्साना' ऐकली. संग्रहात ती येते तेव्हा मागे पक्ष्यांचा किलबिलाट आहे आणि दोन सुरांच्या मध्ये इतकी मोकळी जागा आहे की पुढचा सूर येईल की नाही अशी शंका यावी. बाकीचा संग्रह गच्च भरलेला, सिंथेसायझरांची जत्रा, आणि शेवटी हे.

त्याच्या सुरांविषयी एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितलीच पाहिजे. जेम्सला पाश्चात्त्य पियानोची समान बारा भागांतली विभागणी पुरत नाही. तो आपली स्वरांतरं स्वतः ठरवतो, आणि 'व्हॉल्यूम टू'मधल्या काही रचना म्हणूनच अंगावर वेगळ्याच तऱ्हेने येतात. कोर्ग कंपनीच्या मोनोलॉग या छोट्या सिंथेसायझरमध्ये स्वरांतरं हवी तशी बदलायची सोय आली, त्यात त्याचा हात होता. ते यंत्र घडवणारे तात्सुया ताकाहाशी यांच्याशी त्याची २०१७ ची प्रदीर्घ मुलाखत याच विषयाभोवती फिरते. आपल्याकडे हा वाद जुना आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली, त्यामागे हेच कारण सांगितलं जायचं की पेटीचे ठरावीक सूर आपल्या गायकीला पुरे पडत नाहीत. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली ती याच अतृप्तीतून. कॉर्नवॉलमधला माणूस आणि ठाण्यातला माणूस एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघांना खटकलं ते एकच.

आता जे मला पटत नाही तेही लिहितो. २०१५ मध्ये जेम्सने एका अनाम खात्यावरून आपल्या जुन्या पेटाऱ्यातल्या दोनशेहून अधिक रचना फुकट ऐकायला ठेवल्या. चाहत्यांनी त्या उतरवून घेतल्या, कोणती कोणत्या काळातली असेल यावर खल केला, याद्या केल्या. हे काम मोलाचं आहे. पण त्यातली प्रत्येक रचना थोर आहे असं म्हणणारे भेटले की मी तिथून काढता पाय घेतो. अनेक रचना म्हणजे रियाजाच्या वहीतली पानं आहेत. ती पानं म्हणूनच वाचावीत. त्यातून हात कसा बसत गेला ते दिसतं, आणि तेवढं पुरेसं आहे. ज्याला सगळंच सारखं आवडतं तो ऐकत नाही, जमवतो.

जमवण्याचीही दुसरी, वाईट बाजू आहे. २०१६ पासून त्याच्या मैफिलींच्या ठिकाणी टेबलावर अचानक एखादी तबकडी विकायला ठेवलेली असायची. पहिली ह्यूस्टनमध्ये, पुढच्या वर्षी लंडनच्या फील्ड डे महोत्सवात. आधी घोषणा नाही. जे तिथे होते त्यांना मिळाली. मग त्याच तबकड्या पुनर्विक्रीत भरमसाठ भावाने फिरल्या. ज्या चाहत्यांनी एकेकाळी वर्गणी काढून एक तबकडी सगळ्यांची केली, त्यांच्यातच हा व्यापार चालावा याचं मला वाईट वाटायचं. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याने ह्यूस्टनच्या पावसात रांगेत कसं उभं राहायचं? २०२४ च्या डिसेंबरात त्याने या टेबलावरच्या रचना एकत्र करून सगळ्यांसाठी खुल्या केल्या, 'म्युझिक फ्रॉम द मर्च डेस्क' या साध्या, खऱ्या नावाने. व्यापाऱ्यांचा भाव उतरला की नाही मला ठाऊक नाही, आणि त्याच्याशी मला कर्तव्यही नाही. ऐकायला मिळालं.

सध्या माझ्याकडे 'व्हॉल्यूम टू'च्या वाढीव आवृत्तीतली दुसरी जादा रचना चालू आहे, 'टीएच१', जिच्या नावातच पुढे कंसात 'आणखी संथ' अशा अर्थाची खूण आहे. मूळ संग्रहाशेजारी ती शोभते की नाही यावर माझं आणि एका जुन्या होस्टेलमित्राचं पटत नाहीये. तो म्हणतो ही उगाच ओढलेली शेपटी आहे. मला तसं वाटत नाही, पण त्याला उत्तर द्यायला मला ती अजून बरेचदा ऐकावी लागेल.